गाडीच्या ओरखड्यांवर घरच्या घरी पॉलिश

वाहनाच्या रंगावर उमटलेले उथळ ओरखडे बारीक घर्षणकणांच्या लेपाने घासून घालवण्याच्या कामाला बोलीभाषेत ‘पॉलिश मारणे’ म्हणतात. हा शब्दच थोडा फसवा आहे. त्यातून रंगावर काहीतरी चढवले जाते असे वाटते, पण होते उलटेच. ओरखडा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा पृष्ठभाग झिजवून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो.

आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर गंजरोधक लेप, प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. त्यात क्लिअर कोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा. चमक त्याचीच असते आणि उन्हातील अतिनील किरणांपासून रंगाला तोच वाचवतो. तो फार पातळ झाला, तर त्या दिवशी गाडी झकास दिसते. पुढे काही वर्षांनी मात्र तिथला रंग विटतो आणि पापुद्रे सुटू लागतात.

त्यामुळे आधी ओरखड्याची खोली पाहावी लागते. त्यावर आडवे नख फिरवल्यास ते अडकत असेल, तर पॉलिशने तो पूर्ण जाण्याची आशा कमी. दुसरी खूण पाण्याची: ओल्या बोटाने पुसताच चरा दिसेनासा झाला, तर तो क्लिअर कोटमध्येच आहे. प्रायमर किंवा पत्रा उघडा पडला असेल तर टच-अप रंगाला पर्याय नाही. पुष्कळदा तर गाडीचा रंग गेलेलाच नसतो. ज्या भिंतीला किंवा खांबाला गाडी घासली, तिचाच रंग वर चिकटलेला असतो.

उन्हात बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, ती हा उपाय हमखास लागू पडणारी जागा. गंमत अशी, की ते चरे गोल नसतात. ते सगळ्या दिशांना गेलेले असतात, पण प्रकाशाला आडवे असलेलेच चमकतात आणि डोळा त्यांतून वर्तुळ जुळवतो. काळ्या गाडीवर ही जाळी सर्वांत ठळक दिसते. तिचे मूळ बहुतेक वेळा रोज सकाळी धुळीवरून फिरणाऱ्या कोरड्या फडक्यात असते.

काम सावलीत आणि पत्रा थंड असताना करतात. गाडी नीट धुतलेली हवी, कारण राहिलेला वाळूचा एक कण पॅडखाली नवे चरे पाडतो. रबर आणि काळे प्लास्टिक मास्किंग टेपने झाकून, हातभर जागेत आधी प्रयोग करून पाहतात. स्पंज किंवा मायक्रोफायबरच्या पॅडवर रबिंग कंपाउंडचे, म्हणजे जरा भरड घर्षणकणांच्या लेपाचे, दोन-चार थेंब घेऊन उभे-आडवे हात मारायचे, पुसायचे, पाहायचे; मग त्याहून बारीक पॉलिशने तेच. हाताने वेळ लागतो, पण चूकही हळू होते. यंत्र वापरायचेच तर नवख्याने स्वतःभोवती फिरता फिरता डगमगणारे ड्युअल अ‍ॅक्शन यंत्र घ्यावे. एकाच अक्षावर गरगरणारे रोटरी यंत्र एका जागी रेंगाळले, की रंग जळतो; प्लास्टिकच्या बंपरवर तर लवकरच, कारण तिथली उष्णता पत्र्यासारखी पसरत नाही. दारांच्या कडा आणि घड्या यांवर थर पातळ असतो, तिथे हात हलका ठेवतात.

टूथपेस्टचा घरगुती उपाय अगदीच खोटा नाही, कारण तिच्यातही घर्षणकण असतात. पण ते दातांसाठी बनवलेले. रंगावर चमक एकसारखी येईलच असे नाही. मॅट रंगाच्या गाडीवर यातले काहीच करू नये, घासलेल्या जागी चकाकणारा डाग उरतो.

शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ द्रावणाने पुसून टॉर्चच्या उजेडात तपासतात. पॉलिशमधले तेल बारीक चरे झाकून ठेवते, ते गेल्यावरच खरा निकाल दिसतो. त्यानंतरचे वॅक्स हे संरक्षण, दुरुस्ती नव्हे.

घासताना फडक्यावर गाडीचा रंग उतरू लागला, तर क्लिअर कोट नसलेल्या जुन्या पद्धतीच्या रंगात ते स्वाभाविक आहे. क्लिअर कोट असलेल्या गाडीत त्याचा अर्थ एकच: पारदर्शक थर संपला आहे, आणि आता ती जागा पुन्हा रंगवावी लागणार.