पेटवलं खाली, धूर वरच्या खोलीत

तळमजल्यावरची फायरप्लेस झकास पेटलेली असते आणि जळक्या लाकडाचा वास येत असतो वरच्या मजल्यावरच्या, कित्येक महिने न पेटवलेल्या फायरप्लेसमधून. अशा वेळी पहिला फोन जातो तो चिमणी साफ करणाऱ्याला. तो काजळी खरवडून जातो, वास मात्र तसाच राहतो. कारण बिघाड बहुतेक वेळा चिमणीच्या नळीत नसतोच, घराला हवा कमी पडत असते.

बाहेरून एकच दिसणाऱ्या विटांच्या चिमणीत पुष्कळदा दोन-तीन स्वतंत्र नळ्या असतात, प्रत्येक फायरप्लेसची वेगळी. नळीतला गरम धूर बाहेरच्या थंड हवेपेक्षा हलका, म्हणून तो वर चढतो. ही ओढ किती असते? नळी ६ मीटर उंच, आत १५० अंश सेल्सिअस आणि बाहेर १० अंश धरले, तर जेमतेम २५ पास्कल. वातावरणाच्या दाबाचा हा सुमारे चार हजारावा भाग! नुकत्याच पेटवलेल्या, अजून थंड असलेल्या नळीत तर तेवढीही नसते. स्वयंपाकघरातला एक दमदार एक्झॉस्ट फॅन तिला सहज हरवतो.

उघडी फायरप्लेस तासाला काहीशे घनमीटर हवा वर फेकते. तितकीच हवा घरात कुठून तरी यायला हवी. पूर्वी ती खिडक्या-दारांच्या फटींतून यायची. आता फटी बुजल्या, मग हवा सर्वांत सोपी वाट धरते: दुसऱ्या नळीतून खाली. वर दोन्ही नळ्यांची तोंडं शेजारी-शेजारी, त्यामुळे एकीतून सुटलेला धूर दुसरीत ओढला जातो.

हे दुखणं जुनं आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८५ मध्ये फ्रान्सहून अमेरिकेला परतताना जहाजावर बसून धुरकट चिमण्यांवर एक लांबलचक पत्र लिहिलं. आग न पेटवलेल्या खोलीत शेजारच्या नळीचा धूर वरून उतरतो, हे कारण त्यात वेगळं नोंदलेलं आहे.

तपासणी फुकट होते. वास सुरू झाला की पेटलेल्या फायरप्लेसजवळची खिडकी दोन बोटं उघडायची आणि थंड फायरप्लेसच्या तोंडाशी उदबत्ती धरायची. आधी खोलीकडे वाकणारी धुराची रेघ खिडकी उघडल्यावर सरळ झाली किंवा नळीकडे वळली, तर दोषी सापडला. मग एक्झॉस्ट फॅन, कपडे वाळवण्याचं यंत्र एकेक करून बंद करून बघायचं. खिडकीने काहीच फरक पडला नाही, तर दोन नळ्यांमधल्या भिंतीचा चुना झडून भोक पडलं असण्याची शंका घ्यावी. ते मात्र जाणकारानेच पाहावं.

धूर पेटलेल्या फायरप्लेसमधूनच खोलीत येत असेल, तर गोष्ट वेगळी. ओलं लाकूड, थंड नळी, किंवा फायरप्लेसच्या तोंडाच्या मानाने अरुंद नळी. नळीचं क्षेत्रफळ तोंडाच्या साधारण एक दशांश तरी असावं, असा ढोबळ नियम आहे.

उपायांत माझं मत न वापरल्या जाणाऱ्या नळीच्या माथ्यावर बसवायच्या रबरी कडेच्या झडपेला. फायरप्लेसच्या गळ्याशी असलेली जुनी लोखंडी झडप कधीच घट्ट बसत नाही. एक नळी दुसरीपेक्षा फूटभर उंच केली तरी वरचा धूर शेजारी शिरणं कमी होतं. पण घराला बाहेरची हवा मिळण्याची सोय केल्याशिवाय हे सगळं अर्धवटच. तळघरातली फायरप्लेस सर्वांत हट्टी, कारण गरम घर स्वतःच एक चिमणी असतं आणि खालच्या भागातून हवा आत खेचत राहतं.

धुराला निदान वास तरी असतो, कार्बन मोनॉक्साइडला तोही नसतो. रात्री आग मंदावते, नळी निवते, ओढ कमी होते, पण निखारे हा वायू सोडतच राहतात. म्हणून त्याची सूचना देणारं यंत्र झोपण्याच्या खोल्यांजवळ असायलाच हवं. त्याच चिमणीत घर किंवा पाणी तापवणाऱ्या गॅस बॉयलरची नळी असेल, तर फायरप्लेस तिच्यातूनही हवा खाली ओढू शकते. ती नळी बंद करणं हा तर उपाय नव्हेच; बाहेरच्या हवेची सोय होईपर्यंत फायरप्लेस पेटवू नये.