गिअरच्या मालवाहू ट्रकची रस्त्यावरील चाचणी : उमेदवारांसाठी माहितीपत्रक

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ट्रकसाठी नाव नोंदवायला येणाऱ्या बहुतेकांच्या हाताला स्टिअरिंग नवीन नसते. कोणी घरचा ट्रॅक्टर चालवलेला असतो, कोणी वणी-पांढरकवड्याच्या बाजारात भाजीपाल्याचे पिकअप नेलेले असते, तर कोणी क्लिनर म्हणून वर्षानुवर्षे केबिनमध्ये बसलेला असतो. तरीही आयशरसारख्या मालवाहू ट्रकची चाचणी देताना हीच मंडळी अडखळतात. जड गाडी अगदी हळू, ठरवलेल्या जागी आणि प्रत्येक हालचालीआधी आरसा पाहून चालवण्याची सवय त्यांना नसते, हेच त्याचे मुख्य कारण आहे असे आमचे मत आहे. वेगात गाडी सरळ नेणे फारसे अवघड नाही. चाचणी घेणारे मोटार वाहन निरीक्षक तुमची पारख करतात ती गाडी सुरू होताना, थांबताना, वळताना आणि मागे जाताना. म्हणून या पत्रकात आम्ही त्याच गोष्टींवर अधिक लिहिले आहे.

आपल्याला कोणता परवाना लागतो

शुल्क भरण्याआधी आपल्या गाडीचे आरसी पुस्तक किंवा कार्ड काढून त्यावरील एकूण वजन, म्हणजे गाडी आणि तिच्यावर भरता येणारा माल मिळून होणारे वजन, पाहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार, हे वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर ती मालवाहू गाडी चालवण्यासाठी हलक्या मोटार वाहनाचा, म्हणजे एलएमव्हीचा, परवाना पुरेसा असतो; धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांना मात्र वेगळे नियम लागू आहेत. छोटा हत्ती किंवा पिकअप चालवणाऱ्यांना त्यामुळे सहसा वेगळ्या वर्गाची गरज पडत नाही, आणि अशा ग्राहकांना आम्ही ट्रकच्या अभ्यासक्रमाचे पैसे भरू देत नाही. त्याहून मोठी गाडी चालवायची असेल तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे उमेदवाराचे वय किमान २० वर्षे असावे लागते आणि त्याच्याकडे एलएमव्हीचा परवाना किमान एक वर्षापासून असावा लागतो. पूर्वी आठवी पास असण्याची अट होती. ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली, त्यामुळे शाळा लवकर सुटलेल्या माणसाने आता या कारणाने मागे राहू नये. मात्र रस्त्यावरील पाट्या आणि खुणा त्याला ओळखता आल्याच पाहिजेत, आणि त्या शिकवण्यासाठी आम्ही वेगळा वेळ देतो.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. वाहतूक गाड्यांसाठी ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ५, लागते आणि ते देण्याआधी किमान ३० दिवसांचे प्रशिक्षण व त्यात किमान १५ तास प्रत्यक्ष गाडी चालवणे नियमाने आवश्यक आहे. शेतीच्या हंगामात कामांची घाई असते हे आम्ही जाणतो, तरीही हे तास पूर्ण झाल्याशिवाय प्रमाणपत्रावर सही होणार नाही. डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र फॉर्म १-अ मध्ये असावे. परवान्याच्या ऑनलाइन अर्जांसाठीच्या सरकारी सारथी पोर्टलवर अर्ज भरताना आधार, पत्ता आणि मोबाइल क्रमांक नीट जुळवून घ्यावा, कारण नावातील एका अक्षराच्या फरकानेही अर्ज अडकतो.

शिकताना शेजारी परवानाधारक प्रशिक्षक बसलेला असलाच पाहिजे आणि गाडीला पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल एल लावलेला असला पाहिजे. ही पाटी १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच असावे असे नियम सांगतो. आमच्या प्रशिक्षणाच्या गाडीला तशा पाट्या आहेत, पण मालकाच्या गाडीवर घरी सराव करणाऱ्यांनीही त्या लावाव्यात आणि प्रशिक्षकाशिवाय रस्त्यावर येऊ नये.

क्लच, गिअर आणि चढ

ट्रॅक्टरवर हात बसलेल्या उमेदवाराची सगळ्यात मोठी अडचण क्लचची असते. शेतात गाडी एका गिअरमध्ये बराच वेळ चालते, रस्त्यावर मात्र गिअर सतत बदलावे लागतात, आणि चाचणीत पहिल्यापासून टॉप गिअरपर्यंत जाऊन गरज पडताच पटकन खाली येता येते का हे पाहिले जाते. डिझेलचे इंजिन हळू फिरतानाही बरेच जोर देते, म्हणून सपाट रस्त्यावर क्लच सावकाश सोडल्यास अॅक्सिलरेटर न दाबताही रिकामी गाडी सहज हलते. हा सराव आम्ही पहिल्या आठवड्यात वारंवार करवून घेतो. डावा पाय टाचेवर टेकवून, पेडल सुटत येताना इंजिनचा आवाज कुठे जड होतो, केबिनला बारीक थरथर कुठे येते, हे आधी कानाने आणि मग पायाने ओळखायला शिकावे. त्या जागेवर पाय क्षणभर थांबला की गाडी धक्का न देता निघते, आणि पाय घाईने सुटला की बंद पडते. गाडी निघाल्यावर मात्र पाय पेडलवरून पूर्ण काढावा, कारण हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी ओढत राहिल्याने क्लच प्लेट जळते आणि तो जळका वास केबिनमध्ये बसलेल्या निरीक्षकांनाही येतो.

जुने ड्रायव्हर दोनदा क्लच दाबून गिअर टाकायला सांगतात. पूर्वीच्या गिअरबॉक्समध्ये दातांची गती जुळवण्यासाठी त्याची गरज होती. आताच्या गाड्यांत सिंक्रोमेश, म्हणजे ही गती आपोआप जुळवणारी यंत्रणा, असल्याने एकदा क्लच पूर्ण दाबून, घाई न करता दांडी हलवणे पुरते. गिअर बदलताना दांडीकडे पाहू नये. रिव्हर्स गिअरची खटकी काही गाड्यांत वर उचलावी लागते, काहींत दाबावी लागते; चाचणीला ज्या गाडीवर जाणार त्याच गाडीवर ती आधी करून पाहावी. इंजिनच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याजवळ हिरवा पट्टा असतो. वरचा गिअर टाकल्यावर काटा त्या पट्ट्यात राहत असेल तर गिअर योग्य वेळी बदलला असे समजावे.

चढावर गाडी थांबवून, जराही मागे न सरकवता पुन्हा सुरू करणे हा चाचणीतील नेमका असा भाग आहे की ज्यात सर्वाधिक उमेदवार घाबरतात. आपल्या भागात लांब घाट कमी असले तरी नाल्यांच्या पुलांवर चढणारे आखूड, उभे चढ पुष्कळ आहेत आणि आम्ही सराव तिथेच घेतो. हँडब्रेक लावावा, पहिला गिअर टाकावा, आरसे पाहावेत, थोडा अॅक्सिलरेटर द्यावा आणि क्लच त्या जड आवाजाच्या जागेपर्यंत आणून पाय तिथेच धरावा. गाडीचे नाक किंचित उचलल्यासारखे जाणवले की मगच हँडब्रेक सोडावा. हवेच्या ब्रेकच्या गाड्यांत पार्किंग ब्रेकची छोटी दांडी डॅशबोर्डवर किंवा सीटजवळ असते आणि तो ब्रेक स्प्रिंगच्या जोराने लागतो. दांडी सोडल्यावर हवा आत जाऊन स्प्रिंग मागे दाबली जाईपर्यंत क्षणभर वेळ लागतो. त्या क्षणात घाबरून अॅक्सिलरेटर जोराने दाबला तर गाडी झटका देऊन उडी घेते, म्हणून तेवढी वाट पाहण्याची सवय करावी.

उताराबद्दल आमचे म्हणणे ठाम आहे: इंधन वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणे बंद करावे. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे माल नेणाऱ्याला ज्या गिअरमध्ये चढ चढावा लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरणे सुरक्षित असते, आणि तो गिअर उतार लागण्याच्या आधी टाकायचा असतो. न्यूट्रलमध्ये इंजिनचा अडसर राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक गरजेच्या वेळी पकडत नाही. चाचणीतही उतारावर खालचा गिअर पटकन टाकता येतो का हे तपासले जाते.

ब्रेक, वळण आणि रिव्हर्स

हवेच्या ब्रेकची गाडी सुरू केल्यावर हवेचे काटे वर येईपर्यंत आणि इशाऱ्याचा आवाज बंद होईपर्यंत ती हलवू नये. ब्रेक वारंवार दाबून सोडल्याने टाकीतील हवा संपत जाते, म्हणून एकदाच, सावकाश आणि वाढत जाणाऱ्या दाबाने ब्रेक लावावा. चाचणीची गाडी बहुधा रिकामी असते. रिकाम्या ट्रकची मागची चाके जोराच्या ब्रेकने लॉक होऊन घसरतात आणि हौदा उसळतो; भरलेल्या गाडीवर शिकलेल्या माणसाला हे एकदा तरी प्रशिक्षकासोबत अनुभवून घेणे आवश्यक आहे.

वळणावर ट्रकची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, ती आतून कापत येतात. पिकअपच्या सवयीने चौकात डावीकडे वळल्यास पुढचे चाक मोकळ्या रस्त्यावर आणि मागचे चाक पुलाच्या कठड्यावर किंवा पानठेल्यासमोर उभ्या माणसाच्या पायाजवळ, अशी स्थिती होते. म्हणून केबिन थोडी अधिक पुढे नेऊन मग स्टिअरिंग फिरवावे आणि वळण पूर्ण होईपर्यंत डाव्या आरशात मागच्या चाकावर नजर ठेवावी. त्याच वेळी गाडीचे मागचे टोक उलट बाजूला बाहेर झुकते, हेही लक्षात असावे. केबिनच्या डाव्या दरवाजाखाली आणि समोरच्या बंपरलगत सायकल किंवा लहान मूल असले तरी आरशात दिसत नाही. गाडी बराच वेळ उभी असेल तर निघण्यापूर्वी एकदा खाली उतरून फेरी मारावी.

मागे जाऊन डावीकडच्या किंवा उजवीकडच्या अरुंद जागेत शिरणे, आणि पुढे-मागे करून गाडीचे तोंड उलट दिशेला करणे, या दोन्ही गोष्टी चाचणीच्या नियमात आहेत. रोजच्या कामात क्लिनर मागून हाक देतो, चाचणीत तो नसतो. दरवाजा उघडून, बाहेर लटकून मागे पाहण्याची सवय अनेकांना असते. तीत उजवी बाजू दिसते आणि डावी पूर्णपणे सुटते. दोन्ही आरसे आळीपाळीने पाहावेत. मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवावे, थोडेसे फिरवून परिणाम पाहावा आणि मग पुढे फिरवावे. वेग माणसाच्या चालण्याहून कमी असावा आणि तो फक्त क्लचने सांभाळावा. अंदाज चुकला तर थांबून गाडी पुन्हा पुढे घ्यावी. अंदाजाने रेटत नेण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

आपल्या भागातील रस्त्यावर

नागपूर-हैदराबाद महामार्ग क्रमांक ४४ आमच्या परिसरातून जातो, तरी सरावाची खरी जागा गावाकडचे अरुंद डांबरी रस्ते आहेत. पावसाळ्यात साइडपट्टीची काळी माती वरून कोरडी दिसली तरी आतून मऊ असते. समोरून येणाऱ्याला साइड देताना डावे चाक तिच्यात उतरले तर रिकामा ट्रकही कलतो. त्यामुळे वेग कमी करावा, गरज पडल्यास पूर्ण थांबावे, पण चाके डांबरावर ठेवावीत. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर आमचे प्रशिक्षक गाडी घालत नाहीत आणि तुम्हीही घालू नये. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॉल्या दोन्ही बाजूंनी फुगलेल्या असतात आणि पुष्कळांना मागे दिवा नसतो, संध्याकाळी बैलबंड्या आणि परतणारी गुरे रस्त्यावर असतात. अशा गाडीला ओलांडण्याआधी आरसा, मग इंडिकेटर, मग पुन्हा आरसा हा क्रम चाचणीच्या दिवसासाठी म्हणून नव्हे तर रोजच पाळावा, म्हणजे त्या दिवशी तो वेगळा आठवावा लागत नाही.

चाचणीचा दिवस आणि निकाल

चाचणीची वेळ ठरल्याच्या पावतीवर दिलेल्या ठिकाणी, मग ते यवतमाळचे परिवहन कार्यालय असो वा तालुक्याचे शिबिर, वेळेआधी पोहोचावे. मूळ शिकाऊ परवाना, आधीचा परवाना आणि फॉर्म ५ सोबत असावेत. गाडीचे आरसी, विमा, पीयूसी आणि फिटनेस प्रमाणपत्र आम्ही आणतो. उन्हाळ्यात सकाळचीच वेळ मागून घ्यावी. पायात पट्ट्याची किंवा बंद पादत्राणे असावीत, कारण साधी चप्पल सरकून पेडलखाली अडकते. गाडीत बसल्यावर सीट, आरसे आणि सीटबेल्ट नीट करून घेण्यासाठी हवा तेवढा वेळ घ्यावा. निरीक्षक तेही पाहत असतात. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारावा, तो विदर्भातल्या बोलीत विचारला तरी चालतो.

पास करून देण्याची हमी आम्ही देत नाही, आणि तशी हमी देऊन जादा पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे, कारण परवाना मिळाल्यानंतर भरलेला ट्रक तुम्हालाच चालवायचा आहे. नापास झाल्यास सात दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते. तीनदा नापास झालेल्याला शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते. मधल्या काळात ज्या भागात अडचण आली तेवढ्याच भागाचा सराव आम्ही करवून घेतो. वाहतूक परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. कार्ड हातात येताच नाव, जन्मतारीख आणि वाहनाचा वर्ग तपासावा व चूक असल्यास लगेच दुरुस्तीचा अर्ज करावा.