रोजचं वचन, रोजची प्रार्थना: मुंबईत हा नेम आला कुठून

सकाळी सहा वाजले की मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर बायबलचं वचन येतं, ते वाचायचं, खाली आमेन टाकायचं आणि लोकल पकडायला पळायचं. जुन्या लोकांना वाटतं हे मोबाईलचं फॅड आहे, आणि तरुण पोरांना वाटतं रोज वचन वाचत बसणं हे बाहेरच्या यूट्यूब प्रीचरांकडून आलंय. दोन्ही खरं नाही. विश्वास टिकावा, वाढावा म्हणून नेमाने काहीतरी करत राहायचं हे आपल्याकडे चारशे वर्षं चालू आहे. आणि हा सगळा इतिहास वाचताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते की आधी नेम लागला आणि विश्वास त्याच्या मागून आला, उलटं फार कमी वेळा झालंय.

सुरुवात गोव्यातून करावी लागते. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट या कॅथलिक संघाचे इंग्रज पाद्री 1579 मध्ये गोव्यात आले आणि तिथल्याच साष्टीत राहून मराठी-कोकणी शिकले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची अडचण साधी होती, जुनी पुराणं ऐकणं बंद झालं मग आता ऐकायचं काय? त्या गरजेतून ख्रिस्तपुराण झालं, 1616 मध्ये छापलं गेलं, जवळजवळ 11 हजार ओव्या. ते रविवारी आणि सणाला चर्चमध्ये मोठ्याने वाचायचे आणि लोक बसून ऐकायचे, म्हणजे पुराण ऐकायची जी सवय अंगात मुरलेली होती तीच पुढे चालू राहिली.

इकडे वसई 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, माहीम-वांद्र्याची चर्चेस त्याच काळातली, वांद्र्याचं सेंट अँड्र्यू 1575 चं. 1739 ला मराठ्यांनी वसई जिंकली आणि बहुतेक युरोपियन पाद्री निघून गेले, पण ख्रिस्ती गावं तिथेच राहिली. मग घरात रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणणारी आई-आजी हाच मोठा आधार राहिला असणार, आणि मला वाटतं ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती, घरांमध्ये संध्याकाळची प्रार्थना आजही इतकी घट्ट का आहे याचं एक कारण इथे आहे.

1896 च्या प्लेगमध्ये हेच रस्त्यावर आलं. मांडवीपासून साथ पसरली, अर्धं शहर गाव सोडून पळालं आणि ख्रिस्ती वस्त्यांनी गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभारले, प्रार्थनेला. वांद्र्यात, गिरगावात असे क्रूस अजून आहेत. मे महिन्यात संध्याकाळी जाऊन बघा, क्रूसाला झेंडूचा हार, खाली मेणबत्त्या, घराघरातून प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर आलेल्या, म्हाताऱ्या बायका पुढे सुरू करतात आणि मागून सगळी गल्ली म्हणते, पोरांचं लक्ष मात्र शेवटी मिळणाऱ्या उकडलेल्या चण्यांवर. साथ जाऊन सव्वाशे वर्षं झाली, प्रार्थना चालूच आहे.

प्रोटेस्टंट बाजूला गोष्ट पुस्तकापासून सुरू होते. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले, त्यांच्या मिशनचा मराठी नवा करार (बायबलचा येशूबद्दलचा भाग) 1826 ला आला आणि संपूर्ण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, 1847 ला. त्याआधी बंगालमध्ये सेरामपूरला छापलेलं भाषांतर सोडलं तर मराठी माणसाने घरी बसून रोज वचन वाचायचं म्हटलं तरी वाचणार काय? आणि पुस्तक आल्यावरही वाचता येणारे थोडेच, म्हणून बायबल वूमन घरोघर जाऊन बायकांना वाचून दाखवायच्या. या बायकांची आठवण आपण फार कमी काढतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता दोन माणसं, जी मला सगळ्यात जवळची वाटतात. पहिला जॉर्ज बोवेन. न्यूयॉर्कचा तरुण, देव मानत नव्हता. ज्या मुलीशी लग्न ठरलं होतं ती आजारी पडून गेली आणि जाताना आपलं बायबल त्याच्यासाठी ठेवून गेली, रोज थोडं वाच एवढीच विनंती. त्याने वाचलं ते तिच्यासाठी, देवासाठी नाही. आणि तोच माणूस 1848 मध्ये मिशनरी म्हणून मुंबईत आला, मिशनचा पगार सोडला, बाजाराच्या वस्तीत अगदी साधेपणाने राहिला, रस्त्यावर मराठीत सुवार्ता सांगत राहिला आणि दर दिवसासाठी एक असं मनन लिहीत गेला. 1888 मध्ये वारला, इथेच. कुलाब्यातलं बोवेन मेमोरियल चर्च त्याच्या नावाचं.

दुसरे आपले रेव्हरंड टिळक. नागपूरहून राजनांदगावला जाताना ट्रेनमध्ये एका अनोळखी युरोपियन माणसाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला आणि वाचायचं वचन घेतलं. टिळकांना ते पुस्तक सुरुवातीला फारसं आवडलं नव्हतं, पण शब्द दिला होता म्हणून वाचत गेले आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन अडकले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणायचे. त्यामुळेच आपल्या घरातल्या प्रार्थनेत पेटी आणि टाळ आले, नाहीतर परक्या चालींवर मराठी शब्द बसवत राहिलो असतो. आजही जिला धड वाचता येत नाही अशी बाई टिळकांची दोन-तीन भजनं पाठ म्हणते आणि तिचा दिवस त्यावर चालतो, याला मी मोठी गोष्ट मानतो.

बाकी सवयी इकडून तिकडून येऊन मिळाल्या. जानेवारीच्या सुरुवातीला मंडळ्यांमध्ये प्रार्थना सप्ताह असतो, त्याची हाक 1858 मध्ये आपल्याच देशातून, लुधियानाच्या मिशनमधून गेली आणि तिकडून जगभर पसरली. घरोघरी होणाऱ्या छोट्या सभा घ्या. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे क्लास, म्हणजे छोटे गट, 1742 मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलला सुरू झाले ते खरं तर चर्चच्या इमारतीचं कर्ज फेडायला, दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायची. पण पेनी मागायला घरी गेलेल्या माणसाला दिसायला लागलं की कोणाच्या घरात काय चाललंय, मग त्यातून एकमेकांची विचारपूस आणि प्रार्थना सुरू झाली. मेथडिस्ट मिशनरी विल्यम टेलर यांनी 1871 च्या सुमारास मुंबईत अशाच घरातल्या सभा लावल्या.

कॅथलिकांमध्ये माहीमची बुधवारची नोव्हेना 1948 पासून, म्हणजे सलग नऊ बुधवार करायची प्रार्थना, आणि तिथे सगळ्या धर्मांचे लोक रांगेत असतात. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मात्र लॅटिनमध्येच होती, ती लोकांच्या भाषेत आली व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, म्हणजे 1960 च्या दशकात, तोपर्यंत बरेच जण मिस्सा चालू असताना आपली रोजरीच म्हणत बसायचे.

मग 2020, कोविडचं वर्ष. 12 एप्रिलचा ईस्टर आणि मुंबईतली सगळी चर्चेस बंद, कोणाच्याही आठवणीत असं झालेलं नव्हतं. ज्या घरांत कौटुंबिक प्रार्थना कधीच सुटली नव्हती त्यांनी तो काळ बऱ्यापैकी सांभाळला, बाकीच्यांनी शोधाशोध करून झूम सुरू केलं. आमच्या मंडळीतला त्या वेळचा एक ग्रुप अजून रात्री नऊला भेटतो, एक अध्याय, एक भजन, आजाऱ्यांची नावं, आणि पाळकसाहेब नसले तरी चालतो.