गोवंशातील ताण-संप्रेरके आणि प्रतिकारपेशी

उन्हाचा तडाखा, लांबचा प्रवास, चाऱ्याची टंचाई किंवा विण्याचा काळ यांमुळे गाईबैलांच्या शरीरात ताण-संप्रेरके वाढतात आणि त्यांचा थेट परिणाम रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशींवर होतो. मेंदूतील हायपोथॅलॅमसच्या इशाऱ्यावर पोष ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक सोडते आणि त्यामुळे मूत्रपिंडालगतच्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल रक्तात येते. ॲड्रेनॅलिन त्याआधीच, काही क्षणांत स्रवलेले असते.

कॉर्टिसॉलचा सर्वांत ठळक परिणाम न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींवर दिसतो. एरवी या पेशी एल-सिलेक्टिन या प्रथिनाच्या आधाराने रक्तवाहिनीच्या भिंतीला धरत पुढे सरकतात आणि संसर्गाच्या जागी भिंत ओलांडून ऊतीत शिरतात. कॉर्टिसॉल वाढले की पेशींवरील हे प्रथिन कमी होते, भिंतीवरची पकड सुटते आणि पेशी रक्तातच फिरत राहतात. निरोगी प्रौढ गाईच्या रक्तात लिंफोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी न्यूट्रोफिलच्या साधारण दुप्पट असतात, पण ताणात लिंफोसाइट घटून हे प्रमाण बरेचदा उलटे होते. म्हणूनच तपासणीत न्यूट्रोफिल वाढलेले दिसले, तरी तेवढ्यावरून जनावराची प्रतिकारशक्ती वाढली असे समजणे धोक्याचे आहे, कारण त्या पेशींची गरज कासेत किंवा गर्भाशयात असते आणि तिथे त्या पुरेशा पोचत नाहीत.

विण्याच्या सुमारास कॉर्टिसॉल वाढते आणि न्यूट्रोफिल मंदावतात. कासदाह, वार अडकणे आणि गर्भाशयदाह या काळात अधिक आढळतात त्यामागे, ऊर्जेच्या तुटीबरोबरच, हेही एक कारण आहे.

सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगलीतील जत-आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यांत ऊन आणि चाराटंचाई एकाच वेळी जनावरांच्या वाट्याला येतात. खिलार जनावर या हवेला सरावलेले आहे. होल्स्टीन संकरित गाईला मात्र तेच ऊन लवकर बाधते. खरसुंडी किंवा पुसेगावच्या यात्रेतील बाजारातून आणलेल्या जनावरावर वाहतुकीचा ताण असतो, शिवाय अनोळखी जनावरांशी संपर्कही आलेला असतो. अशा वेळी श्वसनमार्गात आधीपासून असलेले पाश्चुरेला गटातील जीवाणू फुप्फुसात बळावू शकतात.

नाक आणि श्वासनलिकेचा दाह करणारा गोवंशीय हर्पिस विषाणू-१ बऱ्या झालेल्या जनावराच्या चेतापेशींतही सुप्त राहतो आणि ताणामुळे पुन्हा जागा होतो. डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलसारखे औषध टोचल्यावरही तो जागृत होतो, तसेच गाभण गाईत, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, या औषधाने गर्भपात होऊ शकतो. त्यामुळे ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय वापरू नये.