तितराची भावकी

पाटोद्याकडच्या माळावर पहाटे 'क-तीतर, तीतर' असा आवाज उठला की पाखरू कोणतं, हे बीडकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. तपकिरी अंगावर बारीक रेघा, पिवळसर गळ्याभोवती काळी कड, आणि हुसकावलं तर भुर्रकन उडताना दिसणारी तांबूस शेपटी. पण हा गावरान तितर नेमका कुणाच्या भावकीतला, याचा घोळ निसर्गअभ्यासकांना फार काळ निस्तरता आला नाही.

1758 साली स्वीडनच्या लिनीअस या निसर्गशास्त्रज्ञाने तितर, लावे आणि थंड मुलखातले ग्राउस अशी सगळी गुबगुबीत पाखरं 'टेट्राओ' या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटात, कोंबली. 1789 मध्ये ग्मेलिन या जर्मन अभ्यासकाने गावरान तितरही तिथेच बसवला. पुदुच्चेरीवरून त्याला 'पाँडिसेरियानस' नाव दिलं. 1819 साली स्टीफन्स या इंग्रज अभ्यासकाने 'फ्रँकोलिनस' ही प्रजाती वेगळी काढली आणि पुढे आपला तितर तिच्यात गेला.

तिथे गर्दी वाढतच गेली. 1963 मध्ये पॅट हॉल या ब्रिटिश अभ्यासिकेने या प्रजातीतल्या 41 जाती तपासल्या. त्यातल्या 36 आफ्रिकेतल्या, आशियातल्या फक्त पाच. पिसांची नक्षी आणि ठेवण पाहून त्यांनी आठ गट पाडले, पण गावरान तितर एकातही बसेना. त्यांनी तो तसाच बाहेर ठेवला. ओढूनताणून बसवला असता तर कुणी विचारलंही नसतं. मला त्यांच्या कामातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

डीएनए तपासायची सोय झाल्यावर उलगडा झाला. आफ्रिकेतले पुष्कळसे तथाकथित तितर लाव्यांच्या जवळचे निघाले. आपला तितर मात्र रानकोंबड्याच्या, म्हणजे अंगणातल्या गावरान कोंबडीच्याही, नात्यातला. आणि युरोपातला करडा तितर, 'पर्डिक्स'? दिसायला सख्खा भाऊ, पण त्याचं कूळ ग्राउस, टर्की आणि फेझंटांच्या बाजूचं. पाटोदा तालुक्यातल्याच नायगाव अभयारण्यातला मोरसुद्धा आपल्या तितराला त्याच्यापेक्षा जवळचा आहे!

मग रूप इतकं सारखं कसं? दाणे आणि वाळवी टिपत उघड्या माळावर फिरायचं तर शिकारी पक्ष्याच्या नजरेतून सुटणं भाग. मातीत, वाळल्या गवतात मिसळणारा रंग आणि आटोपशीर बांधा तिथे उपयोगी पडतो, मग कूळ कोणतंही असो. अभ्यासक इतकी वर्षं नेमके हेच रंग आणि बांधे मोजत होते.

आता गावरान तितर 'ऑर्टिगॉर्निस' या प्रजातीत आहे. सोबतीला तराईतल्या दलदलीतला एक आणि आफ्रिकेतला एक तुरेवाला, एवढेच. दख्खनच्या गवताळ, झुडपी रानातलाच रंगीत तितर, काळसर अंगावर पांढरे ठिपके मिरवणारा, मात्र 'फ्रँकोलिनस'मध्येच राहिला. त्याची हद्द उत्तरेकडे काळ्या तितराला जिथे भिडते, तिथे दोघांचा संकर होतो. त्या पट्ट्यात हाती आलेला पक्षी कोणत्या जातीचा म्हणायचा, हे पिसांवरून ठरवणं आजही अवघडच आहे.