लॉस एंजेलिसची फास्ट फूड बंदी नेमकी कुठे गंडली?

जुलै २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिटी कौन्सिलने साउथ एलए भागात नवीन फास्ट फूड रेस्टॉरंट उघडायला बंदी घातली आणि त्याची बरीच चर्चा झाली. कमी उत्पन्नाच्या लोकांची वस्ती, लठ्ठपणा आणि डायबेटिस बाकी शहरापेक्षा जास्त, त्यामुळे लॉजिक सरळच वाटत होतं, दुकानं वाढली नाहीत की खाणंही वाढणार नाही.

२०१५ मध्ये रँड कॉर्पोरेशन या अमेरिकन संशोधन संस्थेचे रोलंड स्टर्म आणि संशोधक आयको हातोरी यांचा अभ्यास आला. २००७ मध्ये तिथले ६३ टक्के लोक ओव्हरवेट किंवा लठ्ठ होते, २०११-१२ मध्ये ७५ टक्के! म्हणजे बंदीने लोक जाड झाले का? तर तसं काही नाही, वजन तर बंदी नसलेल्या भागातही वाढलं, फक्त तिथली वाढ कमी होती, आणि मधल्या काळात मंदीसकट बरंच काय काय घडलेलं. एवढंच म्हणता येतं की बंदीचा फायदा काही दिसला नाही.

का दिसला नाही ते नियम नीट वाचला की कळतं. बंदी फक्त स्वतःच्या वेगळ्या बिल्डिंगमधल्या नव्या रेस्टॉरंटवर होती. आधीपासूनची सगळी चालू राहिली आणि मॉलमध्ये किंवा दुकानांच्या रांगेत तोच बर्गर विकायला नवी शाखा काढली तरी चालत होतं. आता याला बंदी म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.

त्याहून मोठा घोळ म्हणजे लोकसंख्येच्या हिशोबाने साउथ एलएमध्ये फास्ट फूड चेन बाकी भागांपेक्षा कमीच होत्या, हे स्टर्म यांनी २००९ मध्येच दाखवलं होतं. जास्त होती ती कोपऱ्यावरची छोटी दुकानं, जिथे फ्रीजभर कोल्ड्रिंक, काउंटरवर चिप्स आणि चॉकलेटं, आणि हे सगळं जेवणाव्यतिरिक्त पोटात जातं. कोल्ड्रिंकचं तर अजून वाईट, साखर भरपूर जाते पण पोट भरल्यासारखं वाटत नाही, मग जेवण काही त्या प्रमाणात कमी होत नाही. या दुकानांना नियम लागूच नव्हता आणि बंदीनंतर खाण्यापिण्याची जी नवी दुकानं निघाली त्यात बरीचशी याच जातीची.

गंमत म्हणजे त्याच काळात साउथ एलएमध्ये कोल्ड्रिंक पिणं कमी झालं. फक्त तेवढाच आकडा बघितला असता तर बंदीची पाठ थोपटून सगळे मोकळे झाले असते, पण ते बंदी नसलेल्या भागातही कमी झालं होतं.