कानबाईची गाणी आणि विंडोज ९८

अमळनेरला आमच्या नानांचा छापखाना आहे. मागच्या खोलीत रद्दीच्या गठ्ठ्यांआड एक पेंटियम-२ संगणक पडून होता: ३५० मेगाहर्ट्झ, ६४ एमबी रॅम. त्यात खानदेशातल्या कानबाई देवीच्या अहिराणी गाण्यांची एक पुस्तिका जुळवलेली होती. गाणी सांगणाऱ्या बऱ्याच जणी आता हयात नाहीत, आणि छापील प्रत घरात एकही उरलेली नाही. मशीन सुरू होई, पण विंडोज उघडत नसे. नाना म्हणाले, "त्यात विंडोज एक्सपी टाकून दे रे, ते नवीन आहे ना."

आधी मी काहीच टाकलं नाही. हार्ड डिस्क काढली, केबलने लॅपटॉपला जोडली आणि तिची जशीच्या तशी प्रत घेतली. जुनी डिस्क किती वेळा फिरेल याचा भरवसा नसतो, म्हणून हे काम सगळ्यांत आधी. पुस्तिकेची फाइल सापडली. उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला.

त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये असंच व्हायचं. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेतांमध्ये, देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत. त्याआधी मात्र फॉन्ट करणारे इंग्रजीच्याच २५६ जागांमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे: कुठे अर्धा ग, कुठे काना, कुठे रफार. कुठला तुकडा कुठे, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. फाइलमध्ये राहतात फक्त आकडे, आणि त्यांचा अर्थ त्या फॉन्टलाच ठाऊक. नानांकडे तर अख्खी पानं त्या जुळणीच्या सॉफ्टवेअरच्याच साच्यात होती. म्हणजे तेच सॉफ्टवेअर पुन्हा चालवायला हवं. त्याची सीडी कपाटात मिळाली. सोबत रबरबँड लावलेलं बोटभर लांबीचं डोंगल, प्रिंटरच्या पोर्टला लावायचं कुलूप. ते जागेवर नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही.

आता नानांच्या एक्सपीकडे येऊ. २००१ साली आलेल्या एक्सपीला किमान २३३ मेगाहर्ट्झ आणि ६४ एमबी लागतं, म्हणजे कागदावर ते या मशीनवर बसतं. पण इतक्या कमी रॅमवर ते सतत डिस्कवर उचल-ठेव करत राहतं. माझ्या दृष्टीने त्याहून मोठी अडचण डोंगलची. विंडोज ९८ मध्ये साधा प्रोग्रामही प्रिंटरच्या पोर्टशी थेट बोलू शकतो. एक्सपीचा गाभा एनटी या विंडोजच्या वेगळ्या घराण्याचा, तो कुठल्याही प्रोग्रामला हार्डवेअरला असा हात लावू देत नाही; मध्ये ड्रायव्हर, म्हणजे दुवा साधणारा छोटा प्रोग्राम, लागतो. १९९८ च्या त्या सीडीत एनटीसाठीचा ड्रायव्हर नव्हताच.

मग मागे जायचं तर किती? विंडोज ९५ हलकं आहे, पण त्याच्या पहिल्या आवृत्तीला फॅट-३२ (डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत) कळत नाही, म्हणजे डिस्कचे २ जीबीचे तुकडे पाडत बसा. शिवाय वेगवान प्रोसेसरशी त्याचं वाकडं. ३५० मेगाहर्ट्झच्या एएमडी के६-२ वर ते सुरू होतानाच कोलमडायचं, कारण वेळ मोजण्यासाठी ठेवलेला फेरा इतक्या लवकर संपायचा की मोजलेला वेळ शून्य यायचा, आणि शून्याने भागाकार कसा करणार? आपला प्रोसेसर इंटेलचा असल्याने त्यातून सुटला असता, तरी मी १९९९ ची ९८ सेकंड एडिशन निवडली. त्यानंतर आलेल्या विंडोज एमई (Me) या आवृत्तीने डॉसची, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीची, वाट झाकून टाकली. जुन्या सॉफ्टवेअरसाठी तिचा उपयोग नाही.

एक गोष्ट ९८ ला जमत नाही, ती म्हणजे अचानक वीज जाणं. एक्सपीतली एनटीएफएस पद्धत डिस्कवरच्या फेरबदलांची नोंद आधी करते. फॅटमध्ये तशी नोंद नसते. लिहिता लिहिता लाइट गेली की अर्धवट काम तसंच राहतं, आणि पुढच्या वेळी डिस्क तपासणाऱ्या स्कॅनडिस्कची पट्टी पुढे सरकताना बघत बसायचं. आमच्याकडे वैशाखात हे रोजचंच, म्हणून आधी यूपीएस आणला. मदरबोर्डवरचे कपॅसिटरही टॉर्च लावून पाहिले. जुने झाले की त्यांच्या आतला द्रव बिघडून वायू होतो आणि डोकी फुगतात. इथले सपाट होते. बायोसचा (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) नाण्याएवढा सेल तेवढा बदलला.

डिस्कऐवजी सीएफ कार्ड (कॅमेऱ्यात असायचं तसं मेमरी कार्ड) लावून ९८ टाकलं, डोंगल खोचलं. पान उघडलं तसे नाना चष्मा पुसत जवळ आले आणि त्यांनी आतून काकूंना हाक मारली.

इंटरनेट त्या मशीनला लावलेलं नाही, कारण ९८ चे सुरक्षा-अपडेट २००६ सालीच बंद झाले. मजकूर फ्लॉपीवरून लॅपटॉपवर नेऊन युनिकोडमध्ये बदलतो. कन्व्हर्टर जोडाक्षरांवर अडखळतो, आणि अहिराणी शब्द तर त्याच्या गावीही नसतात. म्हणून रात्री जेवणं झाली की काकू कागदावरून म्हणून दाखवतात आणि मी दुरुस्त करत जातो. सत्तावीस पानं झाली आहेत.